बंदराला लागल्यावरची किंमत

लर्विकच्या कोर्टात मी टाइपिस्ट होते.
जानेवारीत तिथे तीनला अंधार पडतो,
त्यामुळे बहुतेक साक्षी मी दिव्याखाली उतरवल्या :
डच जहाज, नाव 'ख्रेत्ये', चारशे टन,
पोटात फिनलंडच्या पाइनच्या फळ्या,
इंजिन बंद, खलाशी आधीच उतरून गेलेले.
आणि ते ओढून आणणारी
लौरी इस्बिस्टरची मासेमारी होडी, पाच माणसांची.

मालकांचा वकील एडिंबराहून आलेला, आगबोटीने.
त्याचं पोट अजून सावरलं नव्हतं.
तो म्हणाला, त्या रात्री समुद्र तितकासा खवळलेला नव्हता.
लौरी टोपी हातात फिरवत राहिला.
"तुम्ही परवा ज्याच्यावरून आलात ना साहेब,
त्याच्या दुप्पट."
शेरीफ हसले नाहीत.
मला मात्र ते टाइप करावं लागलं.

मग मोजणी.
वारा वायव्येचा. वेळ एकोणीस तास.
दोर दोन तुटले, तिसरा शेजारच्या होडीकडून उसना,
आणि त्या तिसऱ्याच्या फासात
गिबी माउटची दोन बोटं राहिली.
"कोणती?" शेरीफनी विचारलं.
गिबीने हात वर केला, शाळेत करतात तसा.
मी लिहिलं : डावी करंगळी, डावी अनामिका.

मालाची किंमत धरायची ती बंदराला लागल्यावरची.
निघतानाची नाही.
भिजलेल्या फळ्यांचे त्यातून कमी केले.
बक्षीस असं हवं, शेरीफ म्हणाले,
की पुढच्या खेपेला लांबवर मशाल दिसली
तर कुणी आपलं जाळं ओढत बसू नये,
आणि इतकंही नको
की मालकाला वाटावं, बुडालं असतं तर बरं.

दोन हजार एकशे पन्नास पौंड.
शेरीफनी निकाल वाचला.
जहाज वाचलं, फळ्या वाचल्या,
सगळं एकाच क्रियापदात बसलं.

माझा बाप मागच्या बाकावर होता,
न पेटवलेला पाइप दातांत धरून.
छत्तीसच्या नोव्हेंबरात त्याने
एका पोलिश जहाजावरून अकरा माणसं काढली होती.
जहाज गेलं तळाशी, कोळशासकट.
तेव्हा एका वकिलाने त्याला समजावलं,
भला माणूस होता, फी घेतली नाही :
मॅग्नस, वाटा काढायचा तर कशातून काढायचा?
काहीतरी वर आलेलं लागतं.

वर आलेली अकरा माणसं
आमच्या स्वयंपाकघरात चुलीपासून दारापर्यंत बसली होती,
आईने विणलेले स्वेटर घालून,
जे वसंतात विकून पिठाची उधारी फेडायची होती.
स्वेटर त्यांच्या अंगावरच गेले.
एक परत आला, वर्षभराने, ग्डिनियाच्या शिक्क्याच्या पुड्यात.
कोपराला भोक पडलेलं, त्यावर रफू,
आमच्या बेटावर मिळत नाही तसल्या निळ्या लोकरीचं.
टाके वेडेवाकडे. बहुधा पुरुषाच्या हातचे.
आई उलटसुलट करून बघत म्हणाली,
आता हा काही विकला जायचा नाही,
आणि बापाच्या डोक्यातून खाली ओढला.

निकालानंतर सगळे लौरीशी हात मिळवत होते.
गिबीचा डावा हात खिशात.
बाप माझ्या टेबलाशी आला.
"किती झाले?" त्याला कमी ऐकू यायचं.
मी आकडा मोठ्याने सांगितला.
"चांगले आहेत," तो म्हणाला. "फळ्यांचे."
त्या शब्दात मी खूप वेळ काहीतरी शोधलं.
नव्हतं.
तो टेबलावर टेकून उभा होता, निळं कोपर माझ्या कागदांवर.

मशीनवर झाकण घालण्याआधी
मी तक्ता पुन्हा तपासला :
जहाज, माल, भाडं, दोर, बोटं.
खाली एक ओळ कोरी राहिली होती.
तिथे मी आडवी रेघ मारली.
नियमच आहे तसा,
कागदावर रिकामी जागा सोडायची नाही,
मागाहून कुणी काही लिहील म्हणून.